ऑनलाइन लिलावातली ‘दुर्मिळ’ रेल्वेगाडी : जाहिरात कशी वाचावी

जयविलास राजवाड्याच्या मेजवानीच्या दालनात टेबलावर रूळ टाकून फिरवली जाणारी चांदीची आगगाडी पाहून मोठ्या झालेल्या ग्वाल्हेरकराला आपल्याही घरात एखादी छोटी गाडी धावावी असे वाटले, तर त्यात नवल नाही. शिवाय या शहराला खरी छोटी गाडीही लाभली होती. शिंदे सरकारांनी टाकलेल्या दोन फुटी रुळांवरून श्योपूरपर्यंत जाणारी, सुमारे २०० किलोमीटरची ही नॅरो गेज गाडी मार्च २०२० मध्ये बंद पडली आणि तेव्हापासून तिच्या आठवणीच्या वस्तूंची मागणी वाढली. ईबेचे भारतासाठीचे संकेतस्थळ २०१८ सालीच बंद झाल्यामुळे ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या संग्राहकाला आता परदेशी लिलाव, ओएलएक्स आणि फेसबुकवरचे समूह यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते. वस्तू हातात न घेता, केवळ चार ओळी आणि तीन फोटो पाहून पैसे मोजायचे असल्याने जाहिरात वाचण्याची रीत शिकून घेणे भाग आहे. तीच येथे सांगितली आहे.

शब्दांची पारख

लग्नाच्या स्थळाची माहिती वाचताना जाणती मंडळी जसे लिहिलेल्यापेक्षा न लिहिलेले आधी वाचतात, तशीच ही जाहिरात वाचावी. ‘दुर्मिळ’ हा शब्द सर्वप्रथम वजा करावा, कारण त्याला काहीही पुरावा लागत नाही. ‘अत्यंत दुर्मिळ, एकमेव नमुना’ असे शीर्षक आणि खाली ‘शिल्लक नग : ८’ अशी नोंद एकाच पानावर सुखाने नांदताना दिसते. ‘जुने’ आणि ‘अगदी नवे’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आले, तर विक्रेत्याला बहुधा ‘जुन्या धाटणीचे, परंतु गेल्या महिन्यात बनवलेले’ असे म्हणायचे असते.

सर्वांत महत्त्वाचा शब्दप्रयोग म्हणजे ‘तपासलेले नाही’. प्रामाणिक विक्रेताही तो वापरतो; आजोबांचे खोके माळ्यावरून काढून विकणाऱ्या माणसाकडे खरोखरच रूळ आणि कंट्रोलर नसतो. परंतु इंजिन बारा व्होल्टच्या डीसीवर चालणारे असेल, तर नऊ व्होल्टची साधी बॅटरी दोन्ही बाजूंच्या चाकांना दोन तारांनी टेकवून मोटर फिरते की नाही हे मिनिटभरात कळते. जो विक्रेता एकाच वेळी वीस इंजिने विकत आहे आणि ज्याच्या फोटोच्या मागच्या बाजूला गालिच्यावर अंथरलेले रुळांचे अंडाकृती कडे स्वच्छ दिसत आहे, त्याने ‘तपासण्याची सोय नाही’ असे लिहिले, तर त्याचा अर्थ ‘तपासले, फिरले नाही’ असा घ्यावा आणि बोली सुट्या भागांच्या भावानेच लावावी.

‘हॉर्नबीसारखे’, ‘मार्कलिन नव्हे’, ‘लायोनेलच्या तोडीचे’ अशा शीर्षकांचा हेतू इतकाच असतो, की मॉडेल गाड्या बनवणाऱ्या या नामांकित कंपन्यांच्या नावांनी शोधणाऱ्याच्या समोर ही वस्तू यावी. यात खोटे काही नसते, पण खरेही काही नसते. ‘डीसीसी रेडी’ या शब्दांनी मात्र अनेक नवे संग्राहक फसतात. डिजिटल पद्धतीने गाडी चालवण्यासाठी इंजिनात लागणारी चिप बसवण्याची सोय त्यात आहे, एवढाच त्याचा अर्थ असून चिप वेगळी विकत घ्यावी लागते. चिप बसवलेली असेल, तर जाहिरातीत तसे स्पष्ट लिहिलेले असते आणि किंमतही त्याप्रमाणे चढी असते.

काही जाहिराती फसव्यापेक्षा भाबड्या अधिक असतात आणि त्यांचा आनंद घेण्यास हरकत नाही. डावीकडे वळणारे रूळ आणि उजवीकडे वळणारे रूळ वेगवेगळ्या भावाने विकणारे विक्रेते भेटतात. वास्तविक वक्र रुळाचा तुकडा उलटा फिरवून लावला की डाव्याचा उजवा होतो. डावे-उजवे असते ते सांध्यांमध्ये, म्हणजे जिथे एक मार्ग दोन होतो त्या भागामध्ये, आणि तिथे नेमके ते लिहायचे राहून जाते.

पट्टी लावून पाहावी

शब्दांवर वाद घालता येतो, मिलिमीटरवर घालता येत नाही. मॉडेल रेल्वेत दोन मापे असतात आणि जाहिरातीत त्यांचा सर्रास घोळ होतो. एक म्हणजे प्रमाण, म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पटीने मॉडेल लहान आहे ते. दुसरे म्हणजे गेज, म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर. ‘एचओ’ नावाच्या मापाचे प्रमाण १:८७ आणि ब्रिटिश ‘डबल ओ’चे १:७६ असते, पण दोन्ही गाड्या १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळावर धावतात. एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा, झेडचा ६.५ मिलिमीटरचा, ओ गेजचा ३२ मिलिमीटरचा आणि बागेत धावणाऱ्या मोठ्या जी गेजचा ४५ मिलिमीटरचा असतो. ‘ओ’ आणि ‘डबल ओ’ यांमध्ये एका अक्षराचा फरक असला, तरी गाडी जवळजवळ निम्म्याने लहान होते. म्हणून विक्रेत्याला एकच विनंती करावी : इंजिन उलटे ठेवून चाकांवर शाळेतली मोजपट्टी आडवी धरावी आणि फोटो पाठवावा. फोटो आला, की निम्मे प्रश्न सुटतात. फोटो न येता ‘हे सर्व रुळांवर चालते’ असे उत्तर आले, तरीही ते सुटतातच.

ग्वाल्हेरच्या संग्राहकाला याच पट्टीचा खास उपयोग आहे. ‘ग्वाल्हेर नॅरो गेजचे हुबेहूब एचओ मॉडेल’ अशी जाहिरात दिसल्यास कागदावर साधा भागाकार करावा. खऱ्या गाडीचा रूळ दोन फुटांचा, म्हणजे ६१० मिलिमीटरचा होता. त्याला ८७ ने भागले की साधारण ७ मिलिमीटर येतात. जाहिरातीतील गाडी जर १६.५ मिलिमीटरच्या रुळावर उभी असेल, तर ती एचओ प्रमाणातील दोन फुटी गाडी असूच शकत नाही. त्या रुळाच्या हिशेबाने तिचे प्रमाण सुमारे १:३७ असायला हवे आणि मग डब्याच्या दारातून एचओचा माणूस नव्हे, त्याच्या दुपटीहून उंच माणूस आत जायला हवा. ३२ मिलिमीटरच्या रुळावर दोन फुटी गाडीचे मॉडेल करायचे, तर प्रमाण १:१९ होते आणि या प्रमाणात काम करणारे हौशी लोक परदेशात खरोखरच पुष्कळ आहेत. तेव्हा ‘१:१९, ३२ मिलिमीटर’ असे लिहिणाऱ्याला निदान आपण काय विकतो हे ठाऊक आहे, असे मानावे.

हाच भागाकार ब्रॉड गेजलाही लावता येतो. भारतीय ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटरचा. एचओ प्रमाणात तो १९ मिलिमीटरहून थोडा अधिक होतो. भारतीय इंजिनाचे एचओ मॉडेल १६.५ मिलिमीटरच्या रुळावर विकले जाते, ती या छंदातील सर्वमान्य तडजोड आहे, फसवणूक नव्हे. ‘हुबेहूब’ हा शब्द तेवढा खोडावा.

वीज

येथे चूक झाली तर धूर निघतो, म्हणून हा भाग पैशांच्या आधी वाचावा. अमेरिकेतून येणाऱ्या जुन्या संचातील ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्या भिंतीतून २३० व्होल्ट येतात. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. ‘भारतात वापरता येईल’ असे जाहिरातीत लिहिले असले, तरी ट्रान्सफॉर्मरच्या पाठीवरील पट्टीचा फोटो मागवून ‘इनपुट’ या शब्दापुढील आकडा स्वतः वाचावा. ब्रिटिश संचात ही अडचण सहसा येत नाही, मात्र जुनी रबरी वायर तडकलेली असते आणि ती बदलल्याशिवाय प्लग लावू नये.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. बहुतेक एचओ आणि डबल ओ गाड्या दोन रुळांतून मिळणाऱ्या बारा व्होल्टच्या डीसीवर चालतात. मार्कलिनच्या एचओ गाड्या मात्र वेगळ्या जातीच्या आहेत. त्यांच्या पोटाखाली एक लांबट पट्टी असते आणि ती रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खुंट्यांवरून घसरत वीज घेते. दोन्ही बाजूंची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली नसतात. अशी गाडी साध्या दोन रुळांवर व्यवस्थित उभी राहते, फोटोही छान येतो आणि कंट्रोलर सुरू करताच शॉर्टसर्किट होते. ‘एचओ आहे, म्हणजे कोणत्याही एचओ रुळावर चालेल’ हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. हॉर्नबी डब्लोच्या १९५९ पूर्वीच्या गाड्याही तीन रुळांवर चालणाऱ्या होत्या, हे लक्षात ठेवावे.

काही जाहिरातींत मोटरच नसलेली मॉडेल ‘इंजिन’ म्हणून विकली जातात. मासिकाच्या अंकांसोबत मिळणारी, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीवर स्क्रूने बसवलेली ही शोभेची इंजिने दिसायला देखणी असतात आणि शोकेससाठी स्वस्तात घेतली, तर वाईटही नाहीत. पोटाकडून फोटो मागितला, की चाकांना वीज पोहोचवणाऱ्या पत्र्याच्या बारीक पट्ट्या आणि दातेरी चक्र आहे की नाही ते दिसते. ते नसेल, तर गाडी धावणार नाही, मग जाहिरातीत ‘सुरळीत’ हा शब्द कितीही वेळा आला तरी.

साल, खोके आणि जस्ताची कीड

जाहिरातीतील साल तपासण्यासाठी कंपन्यांचा थोडा इतिहास पुरतो. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलमधील मेकॅनो कंपनीने हॉर्नबी गाड्या १९२० मध्ये आणल्या, डब्लो गाड्या १९३८ मध्ये. पुढे १९६४ मध्ये मेकॅनो ‘ट्राय-अँग’ या दुसऱ्या ब्रिटिश खेळगाड्यांच्या मालकांकडे गेली आणि ‘ट्राय-अँग हॉर्नबी’ हे जोडनाव १९६५ पासून आले. त्यामुळे ‘१९३८ सालची ट्राय-अँग हॉर्नबी’ हा नमुना एकमेव खराच, कारण तो असूच शकत नाही. हॉर्नबीचे उत्पादन १९९० च्या दशकात चीनमध्ये गेले, तेव्हा पोटावर ‘मेड इन चायना’ असे उमटलेली गाडी कुणाच्या पणजोबांनी विलायतेहून आणलेली नसते. आजोबांची कथा जितकी लांब आणि पोटाकडचे फोटो जितके कमी, तितकी सावधगिरी अधिक बाळगावी.

मूळ खोके असल्यास किंमत बरीच वाढते, म्हणूनच खोके एका गाडीचे आणि आत दुसरी गाडी असा संसार अनेकदा जमवलेला असतो. खोक्याच्या टोकावरील क्रमांक वाचावा आणि तो त्याच गाडीचा आहे का, हे उत्पादकाच्या जुन्या यादीत पाहून घ्यावे. केवळ रिकामे खोके विकणाऱ्या जाहिरातीही असतात. त्यांत गाडीचा मोठा फोटो वर आणि ‘फक्त खोके’ हे दोन शब्द वर्णनाच्या शेवटच्या ओळीत असतात. याचीच पुढची पायरी म्हणजे वस्तूचा छापील फोटोच विकणे. ती उघड लबाडी आहे, पण वर्णन न वाचता बोली लावणारे लोक असेपर्यंत ती चालूच राहणार.

दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ओतीव गाड्यांना एक असाध्य रोग लागतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या धातूंचा अंश राहून गेला असेल, तर काही वर्षांनी ओतीव भाग आतून फुगतो, त्यावर केसासारख्या भेगांची जाळी उमटते, सांगाडा वाकतो आणि शेवटी बोटाच्या दाबाने भुगा होतो. उष्ण आणि दमट हवेत हे आणखी लवकर घडते. जाहिरातीत याला ‘वयोमानानुसार किरकोळ खुणा’ असे गोंडस नाव मिळते. फोटो मोठा करून चाकांच्या कडा आणि सांगाड्याची खालची रेघ पाहावी : रेघ सरळ नसेल आणि चाकावर जाळी दिसत असेल, तर रंग कितीही उत्तम असला तरी ती गाडी सोडून द्यावी. यावर उपाय नाही, तो भाग बदलणे एवढाच मार्ग उरतो.

ग्वाल्हेरच्या नावाने जे विकले जाते

संस्थानी नाण्यांच्या जाहिराती वाचताना हसू आवरत नाही. माधवराव शिंद्यांच्या पाव आण्यावर देवनागरीत ‘१९७४’ असे साल असते आणि ‘१९७४ मध्ये चुकून राजाचे चित्र छापलेले अद्भुत नाणे’ म्हणून ते हजारोंच्या किमतीला लावले जाते. ते साल विक्रम संवताचे आहे. त्यातून ५७ वजा केले की १९१७ येते आणि चुकलेली टांकसाळ नव्हे, विक्रेता आहे हे समजते. जिवाजीरावांच्या पाव आण्यावरील १९८६ हे साल म्हणजे याच हिशेबाने १९२९ होय.

‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे एका बाजूला आणि राम-सीता किंवा हनुमान दुसऱ्या बाजूला असलेल्या तांब्या-पितळेच्या तुकड्यांबाबत निःसंदिग्धपणे सांगायला हवे, की कंपनीने अशी नाणी पाडलेली नाहीत. ती अलीकडे बनवलेली देवस्थानी टोकने आहेत. ‘तांदूळ ओढणारे’, ‘चुंबकीय’, ‘कोट्यवधींचे’ अशी विशेषणे लागलेला तुकडा तर संग्रहाचा विषयच नाही, तो पोलिसांचा आहे.

संस्थानाच्या टपाल तिकिटांमध्ये फसवणूक अधिक बारीक असते. ग्वाल्हेर संस्थान १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर आपले नाव इंग्रजी आणि देवनागरीत वरून छापून ती वापरत असे. साध्या ब्रिटिश तिकिटावर हा छाप नंतर घरबसल्या मारणे कठीण नाही. वापरलेल्या तिकिटाचा मोठा फोटो मागवून छापाची शाई आणि पोस्टाच्या शिक्क्याची शाई जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू पाहावा. संस्थानाचा छाप आधी आणि पोस्टाचा शिक्का नंतर, हा क्रम खरा. शिक्क्यावर छाप चढलेला दिसला, तर तो छाप तिकीट वापरून झाल्यानंतरचा आहे.

रेल्वेचे पितळी कंदील, पाट्या आणि शिट्ट्या यांवर ‘जीआयपीआर १८५३’ (म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असा ठसा असेल, तर तो ठसा पाहूनच शंका घ्यावी. बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली हे सर्वांना पाठ आहे, म्हणून नकली वस्तूंवरही तेच साल असते. खरा कंदील वर्षानुवर्षे हाताळला गेल्याने मुठीजवळ अधिक झिजतो आणि काजळी चिमणीच्या तोंडाशी धरते. बनावट कंदिलाचा काळपटपणा सगळीकडे सारखा असतो. वस्तू खरी असली, तर प्रश्न वेगळाच उभा राहतो. रेल्वे आपले भंगार लिलावाने विकते, आणि रेल्वेची चोरीची मालमत्ता बाळगणे १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. नॅरो गेज बंद पडल्यानंतर तिच्या स्थानकांवरील म्हणून विकल्या जाणाऱ्या पाट्या घेताना लिलावाची पावती मागावी. ‘ओळखीतून मिळाली’ हे उत्तर पावती नव्हे.

चांदीच्या गाडीविषयीही एक सूचना. ‘ग्वाल्हेर दरबारच्या गाडीचा मूळ डबा’ अशी जाहिरात दिसल्यास कुठेही बोली न लावता तिकीट काढून जयविलासचे संग्रहालय पाहून यावे. गाडी तिथेच आहे.

किंमत, बोली आणि पैसे

विक्रेत्याने मागितलेली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. ईबेवर ‘विकलेल्या वस्तू’ असा गाळणीचा पर्याय असतो. त्यातून गेल्या सुमारे तीन महिन्यांत तीच वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली हे कळते. लाखाला लावलेले नाणे पन्नासच्या दराने नियमितपणे विकले जात असल्याचे तिथे दिसते. त्यात टपालखर्च आणि आयातशुल्क मिळवावे. वस्तू नव्वद रुपयांची आणि पाठवणावळ तीन हजारांची, हा प्रकार चूक नसून डावपेच आहे.

स्वतःची कमाल किंमत आधी कागदावर लिहावी आणि शेवटच्या मिनिटांत ती एकदाच टाकावी. संकेतस्थळ आपल्या वतीने दुसऱ्यापेक्षा थोडीच वरची बोली लावत जाते, त्यामुळे कमाल आकडा टाकला म्हणून तेवढे पैसे जातीलच असे नाही. बोलींच्या इतिहासात तेच एक नवे खाते त्याच विक्रेत्याच्या प्रत्येक वस्तूवर बोली चढवून शेवटी मागे हटत असेल, तर तो विक्रेत्याचाच माणूस समजावा. फोटो खरा आहे का हे पाहण्यासाठी गूगल लेन्समधून तो शोधावा आणि विक्रेत्याकडून आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह नवा फोटो मागवावा.

आपणच काही विकत असाल, तर धोका उलट्या दिशेने येतो. जुन्या नोटा आणि नाणी विकून देतो असे सांगत रिझर्व्ह बँकेच्या नावाने ‘कमिशन’ किंवा ‘कर’ आगाऊ मागणाऱ्यांविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारात कधीच नसते. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे परवानगीवाचून देशाबाहेर पाठवणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसत नाही, आणि माधवरावांचा १९१७ चा पाव आणा आता त्या वयाचा झाला आहे. तेव्हा ‘लंडनच्या ग्राहकाला घाई आहे, आजच कुरिअर करा’ असा निरोप आल्यास त्याला उत्तर देऊ नये.

पार्सल आल्यावर ते उघडतानाचा सलग व्हिडिओ करावा, ज्यात पत्ता लिहिलेली बाजू, न फाटलेली चिकटपट्टी आणि आतली वस्तू एकापाठोपाठ दिसतील. त्यानंतर इंजिनाला लगेच पूर्ण वीज देऊ नये. चाके हाताने फिरतात का ते पाहावे, जुने घट्ट झालेले तेल पुसून काढावे, मोटर मिनिटभर कमी व्होल्टेजवर फिरवावी आणि परतीची मुदत संपण्याआधी गाडी किमान एक पूर्ण फेरी, वळणासकट, चालवून पाहावी. मोठी इंजिने ३७१ मिलिमीटर त्रिज्येच्या आखूड वळणावर रुळावरून उतरतात. तक्रार लिहिण्यापूर्वी ४३८ मिलिमीटरच्या वळणावर पुन्हा चालवून पाहावे, कारण तो दोष विक्रेत्याचा नसतो.